क्लिकच्या पुढे धावणारा हात : ठाण्यातल्या एका स्वयंशिक्षित गिटारवादकाचे प्रकरण

दिवाळी पहाटेच्या कार्यक्रमाला साडेतीन महिने उरले होते. घोडबंदर रोडवरच्या चार तरुणांचा बँड होता : ड्रम, बास, कीबोर्ड आणि गायिका. अकूस्टिक गिटारसाठी त्यांनी कळव्याच्या ५९ वर्षांच्या एका वादकांना बोलावले. गणपती, नवरात्र, हळदी, ऑर्केस्ट्रा असे सगळे चाळीस वर्षे वाजवलेला हा माणूस एक दिवसही क्लासला गेलेला नव्हता. पहिल्या तालमीत गाणे एकदा ऐकून त्यांनी अंतऱ्याचे कॉर्ड बरोबर धरले. गायिकेने काळी चारऐवजी पांढरी पाच पट्टी मागितली, तर कॅपो (गिटारच्या मानेवर तारा दाबून सूर चढवणारा चिमटा) काढून पुढच्या ओळीला हजर. तालीम संपल्यावर मात्र ड्रमर म्हणाला, "काका, तुम्ही पुढे पळताय."

वादकांना हे पटले नाही. त्यांच्या मते ड्रमरच मागे रेंगाळत होता. दोघेही आपापल्या कानाने खरेच सांगत होते, आणि प्रकरण समजण्यासारखे झाले ते त्यामुळेच. ठाणे-कळवा पट्ट्यात याच वाटेने आलेले वादक बरेच आहेत, म्हणून हे नीट उलगडून मांडले आहे. ओळख पटेल असे तपशील दिलेले नाहीत.

दुसऱ्या तालमीपर्यंत आणखी चार गोष्टी दिसल्या. कीबोर्डवाला "जी" म्हणाला की काका कधी जी वाजवत, कधी ए. कोरसमध्ये आवाज द्यायला सांगितले तर माईकपासून दोन फूट लांब उभे राहत, कितीही बोलावले तरी पुढे येत नसत. स्ट्रमिंग इतके जोरात की मिक्सरवरचा लाल दिवा लुकलुकायचा. आणि चाळीस मिनिटांनंतर डावा हात झटकत बसायचे. तरुणांनी यावरून काढलेला निष्कर्ष सरळ होता : काका गुणी आहेत, पण शिकलेले नाहीत. आमचे मत वेगळे आहे. ज्यांना खोड म्हटले गेले त्या पाचही गोष्टी कधीकाळी कुठल्या ना कुठल्या अडचणीवर शोधलेली बरोबर उत्तरे होती. अडचण गेली, उत्तर हातात राहिले.

आधी मोजमाप

"पुढे पळताय", "नाही पळत" या वादाला अंत नसतो, म्हणून आधी मोजले. पद्धत घरी कुणालाही जमेल. मेट्रोनोमचा, म्हणजे ठरलेल्या लयीत टकटक करणाऱ्या यंत्राचा, क्लिक छोट्या वायरच्या स्पीकरवर लावायचा आणि स्पीकर मोबाइलपासून फूटभर अंतरावर ठेवायचा. गिटारही तेवढ्याच अंतरावर घेऊन वाजवायची आणि क्लिक व गिटार एकाच मोबाइलच्या माईकवर रेकॉर्ड करायची. दोन्ही एकाच माईकवर आल्यामुळे उपकरणाच्या उशिराचा प्रश्न उरत नाही. ब्लूटूथ स्पीकर किंवा हेडफोन इथे अजिबात चालत नाही. त्यात दीड-दोनशे मिलिसेकंद सहज जातात आणि मोजणी फसते. मग फाइल ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडायची, लाट मोठी करायची, क्लिकचा उभा काटा आणि गिटारचा उभा काटा यांतले अंतर वाचायचे. तीसेक ठोके मोजले की चित्र स्पष्ट होते.

१०० च्या लयीत (मिनिटाला १०० ठोके) काकांचा हात क्लिकच्या २५ ते ३५ मिलिसेकंद आधी पडत होता, आणि प्रत्येक वेळी आधीच. ज्याला ताल कळत नाही त्याचे ठोके कधी पुढे, कधी मागे विखुरतात. इथे ते एकाच बाजूला, जवळजवळ सारख्या अंतराने पडत होते. म्हणजे ताल पक्का होता, फक्त सगळाच्या सगळा पुढे सरकलेला. १०० च्या लयीत एका मात्रेचे चार भाग केले तर एक भाग १५० मिलिसेकंदांचा येतो. त्यातले ३० पुढे म्हणजे पाचवा हिस्सा. ढोलकी-तबल्यात हे विरघळून जाते. क्लिकवर बांधलेल्या ड्रमसमोर ते घाईसारखे ऐकू येते.

हे ३० मिलिसेकंद आले कुठून

१९८३ च्या सुमारास पहिली गिटार हातात आली तेव्हा शिकवायला कुणी नव्हते. बोटे पाहायची ती चर्चमध्ये वाजवणाऱ्या ईस्ट इंडियन (इथल्या स्थानिक ख्रिस्ती समाजातल्या) मुलांची, आणि गाणी उतरवायची कॅसेटवरून. कॅसेटचा वेग सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर ठरलेला, पण सेल उतरले किंवा बेल्ट सैल झाला की तो घटतो. वेग साधारण ६ टक्के बदलला की सूर पूर्ण अर्ध्या स्वराने सरकतो, ३ टक्के बदलला तर पाव स्वराने, म्हणजे कुठल्याच पट्टीत न बसणारा. त्यामुळे दरवेळी आधी गिटार कॅसेटला मिळवून घ्यायची आणि मग गाणे उतरवायचे. याचा फायदा आजही दिसतो. कुठल्याही पट्टीत "सा" कुठे आहे हे त्यांना दोन ओळींत कळते, आणि सापडलेल्या सा-वरून बाकीचे कॉर्ड आपोआप येतात. नोटेशन शिकलेल्या पुष्कळ मुलांना हे येत नाही.

पुढे ऑर्केस्ट्रा. सुरुवातीला ढोलकी, काँगो, बोंगो अशी चामड्याची वाद्ये शेजारी असत. थाप थेट कानावर यायची. १९८५ मध्ये रोलंड कंपनीचा ऑक्टोपॅड हे इलेक्ट्रॉनिक तालवाद्य बाजारात आले आणि पुढच्या काही वर्षांत ते आपल्याकडच्या मंचांवर पोहोचले. ऑक्टोपॅडच्या रबरी पट्टीला स्वतःचा असा आवाज नाही. काडी पडते, आवाज येतो तो स्पीकरमधून. आणि मैदानावरच्या मंचावर स्पीकर असतात पुढे, तोंड प्रेक्षकांकडे. मॉनिटर, म्हणजे मंचाकडे तोंड केलेला स्पीकर, असला तर एकच, तोही गायकासमोर. ऱ्हिदम गिटारवाला मागच्या कोपऱ्यात.

आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. स्पीकर १०-१२ मीटरवर असेल तर ठोका कानावर यायला ३० ते ३५ मिलिसेकंद लागतात. जो ऐकून वाजवील तो प्रेक्षकांना तेवढा मागे ऐकू येणार. काकांनी यावर स्वतःच उपाय शोधला. कानावर न जाता ते ऑक्टोपॅडवाल्याच्या काडीकडे बघून, काडी पडतानाच हात टाकू लागले. मग मैदानात सगळे एकत्र ऐकू येई. म्हणजे ऐकू येणाऱ्या ठोक्याच्या ३० मिलिसेकंद आधी वाजवणे हे त्यांचे कमावलेले कसब होते. आजच्या तालमीत क्लिक थेट इअरफोनमध्ये येतो, वाटेत हवा नाही, अंतर नाही. हात मात्र अजून मैदानाच्या हिशेबाने पडतो.

"जी" म्हणजे कुठला जी

ऑर्केस्ट्रात गायक कॉर्डचे नाव सांगत नाही, पेटीची पट्टी सांगतो. पांढरी एक म्हणजे सी, काळी एक म्हणजे सी शार्प, पांढरी दोन डी, काळी दोन डी शार्प, पांढरी तीन ई, पांढरी चार एफ, काळी तीन एफ शार्प, पांढरी पाच जी, काळी चार जी शार्प, पांढरी सहा ए, काळी पाच ए शार्प, पांढरी सात बी. पुरुष गायक बहुधा काळी एक-पांढरी दोनच्या आसपास, गायिका काळी चार-काळी पाचच्या. गिटारवर काळ्या पट्ट्या म्हणजे एकाच बोटाने सगळ्या तारा दाबायच्या बॅरे कॉर्डची शिक्षा, म्हणून उत्तर कॅपो. काळी एक हवी तर पहिल्या घरात कॅपो आणि सी-चा आकार. काळी चार हवी तर पहिल्या घरात कॅपो, जी-चा आकार. काळी पाचला तिसऱ्या घरात कॅपो, जी-चाच आकार.

यामुळे काकांच्या बोलण्यात "जी" हे बोटांच्या आकाराचे नाव झाले. कॅपो दुसऱ्या घरात असताना त्यांचा "जी" ऐकू येतो ए. कीबोर्डवाल्यासाठी जी म्हणजे जी, एकच. चूक कुणाचीच नाही, शब्द एक आणि अर्थ दोन. उपाय अर्ध्या तासात झाला. बँडच्या प्रत्येक कॉर्ड-कागदावर वरच्या कोपऱ्यात तीन गोष्टी लिहायच्या ठरल्या : पट्टी (उदा. काळी पाच), कॅपोचे घर (३), आकार (जी). गायिका पट्टी वाचते, बास आणि कीबोर्ड पट्टीवरून आपला स्वर धरतात, काका पुढचे दोन रकाने वाचतात. गोंधळ तिथेच संपला.

कॅपोबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. जुना स्प्रिंगचा कॅपो घराच्या मधोमध लावला की तारा दाबून वर ताणतो आणि गिटार चढी बोलते. तो फ्रेटच्या (दोन घरांमधल्या धातूच्या आडव्या पट्टीच्या) लगेच मागे, फ्रेटला समांतर लावायचा आणि लावल्यावर पुन्हा ट्यून करायचे. स्क्रूचा कॅपो असेल तर खरखर थांबेल एवढाच आवळायचा.

माईकपासूनचे दोन फूट

याची उकल व्हायला सर्वात जास्त वेळ लागला, कारण काका स्वतः ते "सवय आहे" एवढ्यावर सोडून देत होते. मूळ मंडपातल्या वायरिंगमध्ये निघाले. मंडपात पुष्कळदा दोनच तारा ओढलेल्या असतात आणि तीन पिनांच्या प्लगची अर्थिंगची पिन काढून तो दोन पिनांच्या बोर्डात बसवलेला असतो. इलेक्ट्रिक गिटारच्या तारा अॅम्प्लिफायरच्या चासीशी, म्हणजे धातूच्या सांगाड्याशी, जोडलेल्या असतात. अॅम्प एका बोर्डावर, साउंडवाल्याचा मिक्सर दुसऱ्यावर, अर्थिंग कुठेच नाही. हात तारांवर आणि ओठ माईकच्या जाळीला लागला की मधला विजेचा फरक अंगातून जातो. कधी झिणझिण्या, कधी चांगला झटका. ओल्या मंडपात हे जिवावर बेतू शकते. दोन-तीन झटके खाल्लेला माणूस माईकपासून लांबच राहणार.

म्हणून कार्यक्रमाच्या ठिकाणी काय तपासायचे ते बँडने लिहून ठेवले. मल्टिमीटर एसी व्होल्टवर लावायचा, एक टोक गिटारच्या जॅकच्या धातूला, दुसरे माईकच्या जाळीला. आकडा शून्याच्या आसपास हवा. दहाच्या वर दिसला तर गिटारला हात लावायचा नाही, साउंडवाल्याला सांगून मंचावरची सगळी उपकरणे अर्थिंग असलेल्या एकाच लाइनवर घ्यायची. त्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) आहे का हेही विचारायचे. घरघर थांबावी म्हणून अर्थिंगची पिन काढणे हा कधीच उपाय नाही. ते वाचन काकांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले, आणि त्यानंतरच्या तालमीत ते माईकजवळ आले. खालचा सूर छान देतात, हे बँडला तेव्हा कळले.

डावा हात, आणि गिटारची दुरुस्ती

पहिल्या स्वस्त गिटारची तार बाराव्या फ्रेटवर चार मिलिमीटरहून वर होती. ती दाबायची म्हणजे मूठ आवळायची. पुढे गिटार बदलली, पण दाब तोच राहिला. सध्याच्या गिटारवर जाड ई-तारेची उंची मोजली तर ३.६ मिलिमीटर भरली. अकूस्टिकला २.४ पुरते, बारीक ई-ला १.८. म्हणजे खोड निम्मी हाताची, निम्मी गिटारची.

आधी नेक, म्हणजे गिटारची मान, पाहिली. तार पहिल्या आणि चौदाव्या फ्रेटवर दाबून धरायची आणि सातव्या फ्रेटवर तारेखालची फट बघायची. व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल इतकी, म्हणजे ०.२ ते ०.३ मिलिमीटर हवी. फट जास्त असेल तर ट्रस रॉड (नेकच्या आतली धातूची सळी) घड्याळाच्या दिशेने एका वेळी पाव फेरा. मग तार पुन्हा सुरात आणायची, थोडा वेळ थांबायचे, परत बघायचे. रॉड फिरत नसेल तर जोर लावू नये, कारागिराकडे न्यावे. इथे नेक ठीक होती, दोष सॅडलच्या, म्हणजे ब्रिजवर तारा टेकतात त्या पट्टीच्या, उंचीचा होता.

सॅडल घासण्याचा हिशेब सोपा आहे आणि तरी सर्वांत जास्त गिटारी इथेच बिघडतात. बाराव्या फ्रेटवर जेवढे खाली आणायचे त्याच्या दुप्पट सॅडलवरून काढावे लागते, कारण बारावा फ्रेट तारेच्या बरोबर मध्यावर असतो. १.२ मिलिमीटर उतरवायचे तर सॅडलच्या तळातून २.४. पेन्सिलीने रेघ मारायची, सपाट काचेवर १२० नंबरचा पॉलिशपेपर चिकटवायचा, सॅडल उभी आणि ताठ धरून घासायची. तळ जरा जरी तिरका झाला तरी खालच्या पिकअपवर एक तार जोरात आणि दुसरी दबून ऐकू येते. घासताना मधूनमधून बसवून बघायचे. जास्त घासली गेली तर नवी सॅडल आणण्यावाचून मार्ग नाही.

आता ठाण्याचा पाऊस. अकूस्टिक गिटारला हवेतला दमटपणा ४५ ते ५५ टक्के मानवतो. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये तो ८०-९० च्या घरात असतो. वरची फळी ओल पिऊन फुगते, तिच्यासोबत ब्रिज वर येतो, तार उंचावते. त्या वेळी घासून बरोबर केलेली सॅडल डिसेंबरात फळी बसल्यावर बुटकी ठरते आणि तारा फ्रेटवर खरखरतात. तालमी नेमक्या पावसाळ्यात होत्या. म्हणून जुनी सॅडल जपून ठेवली, दुसरी नवी सॅडल घेऊन ती तेव्हाच्या उंचीला घासली, आणि थंडीत जुनी परत लावायची असे ठरले. गिटार केसमध्ये, केसमध्ये सिलिका जेलची पाकिटे, दाणे रंग बदलले की तव्यावर मंद गरम करून पुन्हा. उघड्यावर भिंतीला टांगून ठेवणे पावसाळ्यात बंद.

तारा १२-५३ जाडीच्या (सर्वांत बारीक आणि सर्वांत जाड तार, इंचाच्या हजारांश भागांत) होत्या, त्या ११-५२ च्या केल्या. सहा तारांचा एकूण ताण त्यामुळे पाच-सहा किलोंनी उतरतो. पिक एक मिलिमीटरचे होते, ते ०.७३ चे दिले. जाड पिकने हलक्या आवाजात वाजवणे कठीण, पातळ पिक जोर स्वतःच सोडून देते, आणि मिक्सरचा लाल दिवा त्याच दिवशी थांबला.

राहिला दाबण्याचा जोर. रोज पाच मिनिटांचा एकच सराव : बोट फ्रेटच्या अगदी मागे ठेवायचे, तार वाजवत दाब कमी करत जायचे, खरखर सुरू झाली की किंचित वाढवायचा, तिथेच थांबायचे. लागणारा दाब आपल्याला वाटतो त्याच्या निम्माही नसतो. मधले बोट सकाळी वाकून अडकायचे आणि टक् करून सुटायचे, ते मात्र सरावाने जाणारे नव्हते. ती ट्रिगर फिंगर, मधुमेह असलेल्यांत अधिक आढळते. हाडांच्या डॉक्टरांनी रात्री पट्टी बांधायला दिली आणि तालमीची वेळ सलग चाळीस मिनिटांऐवजी वीस-वीसची केली.

कानाचाही तपास झाला. डाव्या कानात ४००० हर्ट्झच्या जागी खड्डा निघाला, मोठ्या आवाजाने होणाऱ्या बहिरेपणाची ही ठरलेली खूण. ८५ डेसिबलला आठ तास चालतात, त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो, १०० डेसिबलला पंधरा मिनिटे उरतात. नवरात्रीच्या नऊ रात्री स्पीकरशेजारी काढलेल्या कानाकडून याहून वेगळे काय निघणार. गेलेले परत येत नाही. उरलेल्यासाठी फोमचे बोळे आणि इअरफोनचा आवाज खाली.

क्लिकशी जुळवणे

३० मिलिसेकंद कमी करायला नऊ आठवडे लागले. काकांना "मागे वाजवा" सांगून उपयोग नव्हता, त्याने हात बिचकतो. सुरुवात टाळ्यांनी केली. ६० ची लय, क्लिकवर टाळी. टाळी अचूक पडली की क्लिक ऐकूच येत नाही, टाळीखाली झाकला जातो. क्लिक आणि टाळी वेगवेगळे ऐकू येत असतील तर अंतर आहे. क्लिक गायब करणे हेच काम, दिवसाला दहा मिनिटे. आणि या काळात कुणाच्याही काडीकडे बघायचे नाही. डोळे मिटून, कारण खोड डोळ्यांतून आलेली होती.

मग स्ट्रमिंग. काकांना "डाउन-अप" सांगितले की हात मोजू लागतो, केरवा सांगितला की हात वाजवू लागतो. म्हणून सराव केरव्यावर बांधला. धा गे ना ती न क धी न, आठ मात्रा. हात प्रत्येक मात्रेला हलणारच, एका मात्रेला खाली, पुढच्या मात्रेला वर. तारांना स्पर्श होतो तो धा, ना, ती, क, धी आणि शेवटचा न यांवर. गे आणि पाचव्या न-ला हात नुसता हवेत जातो. पाचवी मात्रा हीच घसरायची जागा, तिथे हात थांबला की सहाव्या क-ला घाई होते. डावा हात तारांवर नुसता टेकवून, सूर न काढता, ७० च्या लयीत हे दोन आठवडे.

पुढची पायरी क्लिक कमी करण्याची. आधी आठही मात्रांना, मग फक्त तिसऱ्या आणि सातव्या, मग फक्त समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर. क्लिक जितका कमी, तितका ताल स्वतःकडे सांभाळावा लागतो. दर रविवारी मोजणी. चौथ्या आठवड्यात अंतर १५ च्या आसपास आले आणि तिथेच अडकले.

लाटा मोठ्या करून पाहिल्यावर कारण दिसले. एकाच कॉर्डवर हात जागेवर होता, कॉर्ड बदलताना मात्र पुढे उडी मारत होता. उशीर होईल या भीतीने बोटे शेवटच्या न-च्या आधीच कॉर्ड सोडत, तो स्ट्रोक गिळला जाई आणि पुढची सम लवकर येई. उपाय असा : शेवटचा न मोकळ्या तारांवर वाजवायचा. बोटे हवेत असताना हात थांबवायचा नाही, मोकळ्या तारा वाजू द्यायच्या. कानाला ते खटकत नाही, कारण ती जेमतेम एक मात्रा असते. जी ते सी, मग जी ते डी, मग सी ते ए मायनर, प्रत्येक जोडी पन्नास वेळा. नवव्या आठवड्यात कॉर्ड बदलतानाही अंतर १० च्या आत आले. तेवढे बँडला चालते.

कार्यक्रम

लाउडस्पीकरला रात्री १० ते सकाळी ६ बंदी, त्यामुळे उघड्यावरच्या पहाटेला पहाटे साउंड चेक होत नाही. तो आदल्या संध्याकाळी उरकला, मल्टिमीटरसह. पहाटे गिटारची केस वीस मिनिटे नुसती उघडून ठेवली. पोलादी तार गार हवेत चढते आणि दिव्यांच्या उष्णतेत उतरते, म्हणून ट्यूनिंग मंचावर, दिवे लागल्यानंतर, आणि दर तिसऱ्या गाण्याला पुन्हा.

यादीत बारा गाणी होती. अकरा क्लिकवर झाली. अभंगाला मात्र ड्रमरने स्वतःहून क्लिक बंद केला. गायिका आलाप लांबवते तिथे क्लिक थांबत नाही, आणि तिच्या श्वासावरून समेवर यायचे कसब त्या मंचावर एकट्या काकांकडे होते. ड्रमर अभंगभर त्यांच्या उजव्या मनगटाकडे बघून वाजवत राहिला.

उंच सॅडल केसच्या खिशात एका पाकिटात आहे. पाकिटावर पेन्सिलीने लिहिले आहे : "डिसेंबर. खरखर आली तर."